ओल्याला स्टील, कोरड्याला पितळ: कोथरूडमधल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

सोसायटी तीसेक वर्षांपूर्वीची, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघर 11 फूट बाय 8 फूट आणि पलीकडे ड्राय बाल्कनी. ओटा एल आकाराचा: लांब भिंतीवर गॅस, आखूड भिंतीवर खिडकीखाली सिंक. घरात माणसं चार. 78 वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा (मी त्यांना दादा म्हणते), सून (ताई) आणि दहावीतली नात. स्वयंपाकघर नव्याने आखायला मला बोलावलं तेव्हा सिंकखालच्या ट्रॉलीचे चॅनल, म्हणजे ती ज्यावर सरकते त्या पट्ट्या, गंजून बसले होते, ती उघडायला दोन हात लागायचे. वरच्या कपाटाचं एक दार बिजागरीतून सुटलेलं होतं, ते सुतळीने बांधून ठेवलं होतं.

काम सरळ वाटलं होतं. जुन्या ट्रॉल्या काढायच्या, ग्रॅनाइटचा ओटा तसाच ठेवायचा, नवीन सांगाडे आणि नवीन शटर, म्हणजे कपाटा-ट्रॉल्यांची दारं. पहिल्याच बैठकीत कळलं की घरातल्या तिघांच्या मनात तीन वेगळी स्वयंपाकघरं आहेत.

दादांना सगळं चकचकीत हवं होतं. अ‍ॅक्रेलिकची शटर, कुठेही हँडल नाही, एका रेषेत गुळगुळीत. ताईंना शेकर पद्धतीची दारं हवी होती, म्हणजे चारी बाजूंनी उठावाची चौकट आणि मधला भाग आत, रंग सायीसारखा आणि त्यावर पितळी नॉब. आजी बैठकभर काही बोलल्या नाहीत. मी निघताना मला बाल्कनीत घेऊन गेल्या आणि भिंतीला टेकवलेली, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली दोन दारं उघडून दाखवली. सदाशिव पेठेतला वाडा पाडला तेव्हा फडताळाची म्हणून त्यांनी आणलेली. सागवानी, प्रत्येक 5 फूट 2 इंच उंच आणि 14 इंच रुंद, जाडी सव्वा इंच, पितळी कडी अजून जागेवर. "ही कुठे बसतील का बघ. नाही बसली तरी चालेल," एवढंच म्हणाल्या. ती दारं बसवायची हे मी तिथेच मनाशी ठरवलं. कसं, ते ठाऊक नव्हतं.

पहिलं ड्रॉइंग मी चुकीचं केलं. कुठे चुकलं ते सांगते, कारण ही चूक मी इतर ठिकाणीही पाहते. मी भिंती माणसांना वाटून टाकल्या. खाली दादांचं चकचकीत, ओट्याच्या कडेखाली गोला प्रोफाइल, म्हणजे हँडलऐवजी अ‍ॅल्युमिनियमची आडवी खाच. वर ताईंचं शेकर आणि पितळ. कोपऱ्यात आजींची दारं. स्क्रीनवर देखणं दिसत होतं. तिघांनीही मान डोलावली.

माझी एक सवय आहे: काम सुरू होण्याआधी त्या स्वयंपाकघरात दोन सकाळी बसायचं. साडेसहा ते साडेआठ, डब्यांच्या वेळेला. पहिल्याच सकाळी माझ्या ड्रॉइंगमधलं निम्मं गळालं. आजी ओट्याच्या कडेला परात घेऊन कणीक मळत होत्या. मळून झाल्यावर हात धुण्याआधी त्यांनी खालची ट्रॉली उघडली, लाटणं काढायला. बोटांना पीठ, पेरं सुजलेली. त्यांनी चार बोटं हँडलमध्ये आडवी अडकवली आणि कोपरातून मागे ओढली. मनगट वळवलंच नाही. गोला प्रोफाइलमध्ये बोटांची टोकं वरून खाचेत घालून शटर पकडावं लागतं. सगळा जोर टोकांवर येतो. शिवाय ती खाच वर उघडी असते. परातीतून सांडलेलं पीठ कडेवरून थेट तिथे जाणार, ओटा पुसतानाचं पाणी मागोमाग जाणार, आणि दोन्ही मिळून तिथे खळ तयार होणार. ज्या घरात ओट्यावर फक्त भाजी चिरली जाते तिथे गोला उत्तम चालतो. रोज वीस पोळ्या होतात तिथे मी तो लावणार नाही.

दुसरी गोष्ट शेकरची. ताईंना नुसतं तोंडाने सांगून पटलं नसतं, आणि पटावं असा माझा आग्रहही नव्हता, कारण मला स्वतःला ती दारं आवडतात. मिस्त्रींकडून एक फूट बाय दीड फुटाचं नमुना शटर रंगवून घेतलं आणि गॅसच्या उजव्या हाताला, ओट्यावर, भिंतीला टेकवून आठ दिवस ठेवलं. सांगितलं, मुद्दाम काही करू नका, रोजचा स्वयंपाक करा. आठव्या दिवशी ते शटर खिडकीत नेऊन पाहिलं. सपाट भाग ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ निघाला. चौकट जिथे मधल्या भागाला मिळते त्या आतल्या काटकोनात मात्र केसाएवढी पिवळट रेघ बसली होती. फोडणीचं तेल, त्यावर हळद, त्यावर पीठ. फडक्याचं टोक तिथपर्यंत पोचत नव्हतं. ताईंनी जुना टूथब्रश आणला, साबणाचं पाणी घेतलं. खालच्या दोन कोपऱ्यांना पाच मिनिटं लागली आणि तरी एका कोपऱ्यात पिवळसर छटा राहिली. "अशी किती दारं आहेत आपली?" त्यांनी विचारलं. ड्रॉइंगमध्ये चौदा होती.

तिथून मी भिंती माणसांना वाटणं सोडलं आणि कामाप्रमाणे वाटायला लागले. स्वयंपाकघराचा नकाशा काढून त्यावर रंगीत पेन्सिलींनी तीन पट्टे मारले: पाणी कुठे उडतं, तेल-वाफ कुठे जाते, कोरडं कुठे राहतं. सिंकच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट पाणी. गॅसच्या दोन्ही बाजूंना आणि वर तेल. आणि गॅससमोरची भिंत, जिथे आधी फ्रिज आणि एक लोखंडी रॅक होतं, ती पूर्ण कोरडी. हा नकाशा समोर आल्यावर दारं, हँडल, धातू यांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटला.

ओट्याखालच्या सगळ्या ट्रॉल्या सपाट शटरच्या, गडद हिरव्या मॅट लॅमिनेटच्या. हँडल स्टीलची, डी आकाराची, 304 ग्रेडची, घासलेल्या फिनिशची. नळ आणि सिंक स्टीलचेच होते, तेव्हा ओल्या भागात सगळीकडे एकच धातू झाला. सिंकखालच्या सांगाड्याला मरीन प्लाय, म्हणजे आयएस 710 चा शिक्का असलेला. बाकीला आयएस 303 मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा प्लाय पुरला.

गॅसच्या वरची कपाटंही सपाट, पण सायीच्या रंगाची आणि हँडलशिवाय. शटर सांगाड्यापेक्षा पाऊण इंच खाली उतरवलं की खालच्या कडेला बोटं घालून दार उघडता येतं. दादांची "हँडल नको" ही मागणी इथे नीट बसली, कारण चिमणीच्या शेजारचं हँडल म्हणजे रोज पुसायची आणखी एक वस्तू. माळ्याच्या दारांनाही हेच. माळ्याला दाबून उघडणारे कॅच लावायचा दादांचा विचार होता, तो मी सोडायला लावला. स्टुलावर चढलेल्या माणसाने दार आत ढकलायचं आणि ते उसळून तोंडावर यायचं, हे मला चालत नाही. चकचकीत अ‍ॅक्रेलिक गेलंच. मॅट हिरव्याशेजारी ते ओलं असल्यासारखं दिसत होतं आणि बोटांचे ठसे लांबून कळत होते. दादा चार दिवस नाराज होते. हिरव्या लॅमिनेटचा पूर्ण तुकडा ओट्याखाली धरून दाखवला तेव्हा मात्र "हे चालेल" म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी कधी तो विषय काढला नाही.

समोरच्या कोरड्या भिंतीवर ताईंचं शेकर. 15 इंच खोलीचं, जमिनीपासून उंच कपाट, त्यात कपबश्या, चहा-साखर, खाऊचे डबे. रंग वरच्या कपाटांचाच, सायीचा. पितळी नॉब. आणि त्याच भिंतीच्या टोकाला, बाल्कनीच्या दाराजवळ, आजींचं फडताळ.

या दोन दारांविषयी थोडं विस्ताराने लिहिते, कारण या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यांनी.

ताईंचा समज होता की शेकर अमेरिकन आणि सागवानी दारं देशी, दोन्ही शेजारी ठेवली तर भांडतील. मी दोन्हींची चौकट मोजली. सागवानी दाराच्या उभ्या पट्ट्या अडीच इंचाच्या, आडव्याही तेवढ्याच, मध्ये पातळ फळी. शेकर नाव पडलं ते इंग्लंडमधून 1774 मध्ये अमेरिकेत गेलेल्या एका धार्मिक पंथावरून; वस्तूत गरजेपलीकडे नक्षी नको, अशी त्यांची शिस्त होती. पण चौकटीत फळी बसवायची रीत कुण्या एका पंथाची वा देशाची नाही, लाकडाची आहे. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत बदलतं. पावसाळ्यात ओल धरून फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. रुंद फळी चारी बाजूंनी पक्की केली तर ती एक तर चिरते नाही तर दार वाकवते. म्हणून फळी चौकटीच्या खाचेत सैल सोडायची, तिला हलायला जागा द्यायची. वाड्यातल्या सुताराला आणि तिकडच्या सुताराला हे उत्तर वेगवेगळं सापडलं असेल, पण लाकूड एकच गोष्ट मागत होतं. ही दारं लांबची भावंडंच आहेत.

तेव्हा जोडायचं कसं ते कळलं. नव्या शेकर दारांच्या पट्ट्याही बरोबर अडीच इंचाच्या घेतल्या. बाजारात सव्वादोन, पावणेतीन असं काहीही मिळतं. सागवानी दारांचं माप पाळलं. दुसरं, कोपरे. यंत्रावर एकाच बोर्डातून कोरलेल्या शेकर दाराचे आतले कोपरे किंचित गोल येतात, कारण कोरणारं पातं गोल फिरतं. एरवी ते कुणाच्या लक्षात येत नाही. हाताने केलेल्या काटकोनी कोपऱ्याशेजारी ते लगेच खटकतं. म्हणून 12 मिमीच्या बोर्डावर 6 मिमीच्या पट्ट्या वेगळ्या मारून दारं बनवली. याचा तोटाही आहे: जिथे दोन पट्ट्या मिळतात तिथे रंगाला पुढे बारीक रेघ पडू शकते. ताईंना ते आधी दाखवलं, सांगितलं, आणि त्यांनी काटकोन निवडला.

तिसरी अडचण मिस्त्रींनी दाखवली, माझ्या डोक्यात आली नव्हती. मॉड्युलर कपाटाचं दार सांगाड्याच्या पुढे चढून बसतं, फडताळाचं दार चौकटीच्या आत. सांगाडे एका ओळीत ठेवले असते तर शेकरची दारं 18 मिमी पुढे आणि सागवानी दारं आत खोल गेली असती. "मॅडम, चौकटच पुढे काढू," ते म्हणाले. सागवानी चौकट तेवढीच पुढे घेतली, दोन्हींचे चेहरे एका पातळीत आले, आणि मध्ये दोन इंचाची उभी सायीच्या रंगाची पट्टी सोडली, म्हणजे दोन्हींना श्वास घ्यायला जागा राहिली. वजनदार सागवानाला 35 मिमी कपवाल्या, म्हणजे दारात गोल खळगा पाडून बसवायच्या बिजागऱ्या मी लावू दिल्या नाहीत. जुन्या पद्धतीच्या पितळी बिजागऱ्या, प्रत्येक दाराला तीन. शेकरच्या दारांची वरची आडवी रेषा फडताळाच्या वरच्या रेषेशी जुळवली, आणि तीच रेषा पुढे फ्रिजच्या वरच्या कपाटाच्या खालच्या कडेला नेली. या भिंतीवर रंग दोन, लाकूड एक, दारांच्या जाती दोन. तरी नजर अडखळत नाही, आणि त्याचं निम्मं श्रेय मी त्या एका रेषेला देते.

आता चूक. ही माझीच.

ताईंना पितळ फार आवडलं होतं आणि सिंकशेजारच्या दोन ट्रॉल्यांना तरी ते हवं होतं, म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींशी बोलतील. मी माझ्या नकाशाविरुद्ध गेले. नॉब अलीगढच्या ओतीव पितळेचे होते, हातात घेतल्यावर जड लागायचे. त्याच घडणीची 160 मिमीची हँडल मिळाली नाहीत, तेव्हा टिंबर मार्केटमधल्या एका दुकानातून "अँटिक गोल्ड" म्हणून मिळणारी घेतली. आतून जस्ताचं ओतकाम, वरून मुलामा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारखी दिसली. घरी ओट्यावर पांढरीशुभ्र ट्यूब होती. त्या उजेडात हँडल लालसर, नॉब हिरवट पिवळे. आठ फुटांवरून फरक कळत होता. पिवळा आणि पांढरा यांच्या मधला, 4000 केल्व्हिनचा दिवा लावून तो फरक कमी केला आणि स्वतःची समजूत घातली.

मग दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आजींनी घरातलं सगळं पितळ घासायला काढलं. समई, तांब्या, पळी-पंचपात्र, आणि त्यांच्या हिशेबाने कपाटांचं पितळही. चिंच भिजवून त्यात मीठ घालून. नॉबवर जो पातळ लाखेचा थर होता तो निघाला आणि खालचं पितळ समईसारखं झळाळलं. आंबटात पितळेवरचा काळपटपणा विरघळतो, ते त्यांनी आयुष्यभर केलेलं काम होतं. सिंकशेजारच्या दोन हँडलांचं मात्र जिथे बोटं जातात तिथे आधीच झिजलेल्या मुलाम्याचं पापुद्र्यासारखं निघालं आणि खालून करडा, डागाळलेला धातू दिसायला लागला. आजींनी मला फोन केला. आवाज अगदी बारीक होता. "अगं, माझ्या हातून खराब झालं बघ तुझं हँडल." मी त्यांना सांगितलं की त्यांच्या हातून काही खराब झालेलं नाही. पितळ म्हणून त्यांनी घासलं, आणि ते पितळ नव्हतं. घासायच्या घरात मी न घासता येणारी वस्तू लावली होती.

दोन्ही हँडल माझ्या खर्चाने बदलली, बाकीच्या ट्रॉल्यांसारखी स्टीलची लावली. इथे एक गोष्ट कामी आली. पहिल्यापासून सगळी हँडल मी 32 मिमीच्या पटीत घेतली होती, लहान ट्रॉल्यांना दोन भोकांमध्ये 160 आणि भांड्यांच्या दोन मोठ्या ट्रॉल्यांना 320, त्यामुळे नवीन हँडल जुन्याच भोकांत बसली, शटरवर बुजवलेलं एकही भोक नाही. हँडल कुठलंही घ्या, पण "सहा इंची" असं तोंडी माप देऊन घेऊ नका. 160 मिमी म्हणजे सहा इंच आणि वर जवळजवळ अडीच सूत (इंचाचे आठ सूत). मिस्त्रींनी सहा इंचावर भोकं पाडली की स्क्रू जात नाही, मग भोक रुंदावतं, आणि हँडल वर्षभरात हलायला लागतं.

त्या फोननंतर या घरासाठी नियम पक्का झाला आणि मी तो पुढच्या घरांतही वापरते: ओलं किंवा तेलकट तिथे स्टील आणि सपाट शटर, कोरडं तिथे पितळ आणि चौकटीची दारं. दोन धातू एका भिंतीवर आणायचे नाहीत. पितळ लावायचं तर ओतीव लावायचं, लाखेचा थर नसलेलं मागायचं, आणि घरात ते कोण घासतं ते आधी विचारायचं. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांत तरी दुसरं काय होतं? मोरीजवळ रोज घासायची भांडी, फडताळात आणि देवघरात जपायचं पितळ. कुणी रंगसंगती ठरवलेली नव्हती. वस्तू जिथे टिकते तिथे ठेवलेली असायची आणि सगळं मिळून घर दिसायचं.

काम होऊन आता सव्वा वर्ष झालं. हिरव्या ट्रॉल्या उत्तम आहेत. गॅसच्या वरच्या सपाट दारांच्या खालच्या कडेला, बोटं जातात तिथे, तेलकटपणा येतो. ताई दर रविवारी तेवढीच कड पुसतात. शेकरच्या एका दारावर खालच्या डाव्या कोपऱ्यात पट्ट्यांच्या जोडावर बारीक रेघ पडली आहे, सांगितलं होतं तशी. ताईंना ती खुपत नाही. नॉब आता काळपट सोनेरी झालेत आणि दसऱ्यापर्यंत तसेच राहतील.

फडताळात आजींचे डाळी-कडधान्यांचे डबे असतात. कडी उचलताना होणारा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत जातो, त्यामुळे नात अभ्यास सोडून खाऊला उठली की घराला कळतं. यंदाच्या ऑगस्टमध्ये डावं दार खालून घासायला लागलं. दादांनी मिस्त्रींना रंधा घेऊन बोलावलं, आणि मीही गेले. मिस्त्रींनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, वर-खाली दोनदा उघडझाप केली आणि रंधा पिशवीतच ठेवला. पावसात मारला तर उन्हाळ्यात फट पडेल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. घासतं तिथे पेन्सिलने एक आडवी खूण केली, बाजूला तारीख लिहिली. दिवाळीनंतर, लाकूड उतरलं की, तेव्हाही घासत असेल तर तेवढंच काढायचं. तोपर्यंत आजी ते दार किंचित वर उचलून उघडतात. वाड्यातही, म्हणतात, श्रावणात असंच उघडावं लागायचं.